बोटवाल्यांचा वाटा

ऐका बाबांनो, ऐकायचं असेल तर. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इथे साहेबाचं राज्य होतं आणि दर्यापलीकडे मोठी लढाई पेटली होती. कांदळबंदरचा बाबल नावाचा गाबीत, म्हणजे मासेमार, साहेबाच्या लढाऊ बोटीवर आगवाला म्हणून गेला. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात राहून भट्टी पेटती ठेवणारा. ती बोट एवढी मोठी होती, की आपलं गाव तिच्या पाठीवर ठेवलं तरी जत्रेला जागा उरली असती, असं म्हणतात.

ती बोट बुडाली आणि माणसं सगळी गेली, अशी बातमी आली. बाबलची बायको येसू रडून रडून सुकली. आणि एक दिवस बाबल आपल्या पायांनी चालत गावात आला. डोकं कापसासारखं पांढरं झालेलं, तोंडात शब्द नाही. येसूने आधी त्याची पावलं बघितली, उलटी आहेत का म्हणून. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत. पावलं सरळ निघाली तेव्हा तिने त्याला घरात घेतलं, जेवायला वाढलं, पण मनातला काटा काही निघाला नाही. एवढ्या मोठ्या बोटीतून एकटा हाच कसा वाचला?

तिला पडलेला प्रश्न गावालाही पडला. संशय म्हणजे खरूज हो, खाजवावी तेवढी वाढते. कुणी म्हणालं, दुसऱ्याचं लाकूड हिसकावून तरला असेल. कुणी म्हणालं, हा बाबलच नव्हे.

मग भादव्यातली सर्वपित्री अमावास्या आली. बाबलने आधी वाडवडिलांचं पान ठेवलं. कावळा लगेच शिवला. मग त्याने स्वतःच्या हाताने वेगळा भात शिजवला, पानावर घेतला आणि किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर नेऊन ठेवला. हात जोडून त्याने हाका मारल्या, "जिमी, टामस, आलबर्ट, बिली. गोत्र काश्यप." ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप धरतात, एवढं त्याला माहीत होतं. सुरूच्या झाडावर कावळे होते. त्यांनी माना वाकड्या करून पानाकडे बघितलं, पण खाली एकही उतरला नाही.

गोऱ्यांना पान वाढलं म्हणून गाव हादरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. त्यात त्या हंगामात मासळी रुसली. आता गावाला कारण हवंच होतं, ते घरबसल्या मिळालं. रापणीचा म्होरक्या धाकू तांडेल माणूस तसा वाईट नव्हता, पण कानाचा हलका. त्याने बाबलला चव्हाट्यावर बोलावलं.

"बाबल्या, कावळो शिवणा नाय. म्हणजे तेंचो जीव तुझ्यात अडाकलो हा. तू तेंका काय केलंस?"

बाबल खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा गावाने ठरवलं, की येत्या सर्वपित्रीला कावळा शिवला तर ठीक, नाहीतर बाबलचं घर रापणीतून बाद. त्यांच्यापैकी कुणी दोराला हात लावायचा नाही आणि वाटा मागायचा नाही. आता रापण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या गावाचं एकच मोठं जाळं, होडीतून दर्यात वळसा घालून सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोन बाजूंच्या दोरांनी ओढायचं. जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा. त्यातून बाद होणं म्हणजे चूल विझणं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी येसूने चुलीपुढे बसून नवऱ्याला विचारलं, "माका तरी सांगा. तुमी कोणाक बुडवून इलास काय?"

बाबलने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग बोलला, आणि बोलला तो एकदाच, असं म्हणतात. शत्रूने पाण्याखालून मारा केला, बोट कलली, खालून वर जायची शिडी तुटली. बाबल भट्टीपाशी अडकला. वरून चार गोरे पोरगे दोर सोडून ओरडत होते. एरवी त्यांच्याशी त्याची ओळख बिडीपुरती. त्यांनी त्याला हातभर हातभर करत वर ओढला. आपला जीव घेऊन पळायचं सोडून ते दोर धरून उभे राहिले. तो वर आला आणि बोट उलटली. तो दर्यात फेकला गेला, म्हणून वाचला. ते चौघे फिरून दिसले नाहीत.

"मी जड होतंय," बाबल म्हणाला. "माका ओढूक तेंका वेळ लागलो."

इतकी वर्षं आपण या माणसाकडे चोराकडे बघावं तसं बघितलं, याची येसूला लाज वाटली. पण ती रापणकाराची लेक होती, तिचं डोकं दुसरीकडेच गेलं.

"अवो, तेंनी दोर ओढलो," ती म्हणाली. "दोर ओढणाऱ्याक कोणी भात घालतत? वाटो देतत."

दुसऱ्या दिवशी गावाने रापण टाकली. येसू दक्षिणेच्या दोराला लागली. बाबलला धाकूने दोराजवळ येऊ दिलं नाही, तो खडकाजवळ लांब उभा राहिला. त्या दिवशी बांगडा असा आला, की पाणी काळं दिसायला लागलं. जाळं भरलं, आणि तिथेच अडलं. पाण्याची ओढ त्याला खडकांकडे न्यायला लागली. जाळं फाटलं असतं तर गावाचं वर्ष बुडालं असतं. माणसांच्या तळव्यांची सालं निघाली, पण दोर हातभरही येईना. येसूने बाबलला हाक मारली. धाकू ओरडला, "तेका हात लावूक देव नका." पण पुढून त्याला दोर सोडून मागे येता येईना. तेवढ्यात बाबलने सगळ्यांच्या मागे दोर धरला आणि दर्याकडे तोंड करून हाका मारल्या, "जिमी, टामस, आलबर्ट, बिली."

दोर हलला. असा हलला, की पुढची माणसं पाठीवर पडली. मागे बघितलं तर बाबलच्याही मागे उरलेला दोर वाळूवर पडलेला नव्हता. तो कमरेइतक्या उंचीवर ताठ ताणलेला होता, माणसांनी धरल्यासारखा. वाळूत बुटांचे ठसे उमटत होते, असं म्हणतात. धाकू मरेपर्यंत सांगायचा, की ते गुरांचे खूर होते. पण जाळं किनाऱ्याला लागलं हे त्यालाही नाकारता आलं नाही.

वाटे पडले. बाबलला वाटा द्यायला धाकूची जीभ रेटेना. येसूने आपल्या वाट्याचे बांगडे उचलले, काळ्या खडकावर ओळीने मांडले, पुढे चौघांचे म्हणून चार दगड ठेवले आणि मागे सरली. सुरूवरचे कावळे एकदम उतरले. आवाज न करता, पंगतीला बसावं तसे. बाबल वाळूत बसून ढसाढसा रडला, आणि गावाने त्याला पहिल्यांदा रडताना बघितलं. धाकूने आपला वाटा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

बाबल जाऊनही आता किती पावसाळे झाले. पण कांदळबंदरात हंगामाची पहिली रापण लागली, की आजही दोराचं शेवटचं टोक कुणी धरत नाही. चार माणसं उभी राहतील एवढा दोर मोकळा सोडतात. वाटे घालताना पहिले चार वाटे काळ्या खडकावर जातात, आणि म्होरक्या ती चार नावं बाबल घ्यायचा तशीच घेतो. परक्या गावचा कुणी मदतीला आला तर त्याला आधीच बजावून ठेवतात. ओढता ओढता दोर हलका लागला, तर हलका लागू दे. मागे वळून बघायचं नाही.