बादशहाची शिळा आणि शिन मावशीचे हात

चूक शिन मावशीचीच होती, आणि ती स्वतःच देवळात सगळ्यांना ते सांगत सुटली होती. उरलेला भात कबुतरांना घालायचा, तर एवढं मोठं अंगण सोडून तिनं तो घातला नेमका बादशहाच्या शिळेपुढे. दगडी कासवाच्या पाठीवर दोन पुरुष उंच शिळा, त्यावर चीनच्या बादशहानं स्वतः रचलेला लेख. ती अक्षरं दिसतील तिथं गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, असा रिवाज. कबुतरांना रिवाज कोण सांगणार? महिनाभर जेवली आणि वर बसून लेखाची पार रया घालवली. आणि त्यातच बादशहा दर्शनाला आला!

संध्याकाळपर्यंत शिळा लख्ख हवी, म्हणाला. पण अक्षरांना हात लागला तर हात तोडीन. झाडू-फडकं लागलं, तर ते धरणारा हात.

मावशीचं तर हातावरचं पोट. देवळातल्या जुन्या शिळांचे ठसे काढून ती यात्रेकरूंना विकायची. हातच गेले तर खायचं काय?

शेवटी तिला येत होतं तेच तिनं केलं. शिळेवर ओला कागद चिकटवला, वरून कुंचल्यानं ठोकला, वाळल्यावर सोलला. सगळी घाण कागदाबरोबर निघाली. मग दुसरा कागद तसाच चिकटवून त्यावर तिनं शाई थापली, तर अख्खा लेख उमटला.

"लख्ख आहे," बादशहा म्हणाला. "पण कागद अक्षरांना लागलाच ना? तो कुणी धरला होता?"

"मीच की, महाराज. अक्कल असती तर दुपारीच पळाले नसते का?"

"हात पुढे कर."

मावशीनं केले. हातांत तो ठसा, पुरता उलगडलेला, अक्षरं समोर. जल्लाद तलवार उपसून आला, त्यानं अक्षरं पाहिली आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. उठला, की पुन्हा अक्षरं. पुन्हा कपाळ! मागचे प्रधानही पटापट आडवे.

"ठेव तो कागद खाली!"

"तुमची अक्षरं धुळीत ठेवू? त्याला काय तोडतात, महाराज?"

बादशहा असा हसला की शिळेवरची कबुतरं उडाली. मावशीला तीस पोती तांदूळ मिळाला.

"एवढ्या तांदळाचं मी एकटी काय करू, भंते?" तिनं थोरल्या भिक्षूंना विचारलं.

त्यांनी एकदा शिळेकडे पाहिलं.

"काहीही करा, मावशी. फक्त भात करू नका."