पोटातली नक्कल

एका शहरात एक मोठं रुग्णालय होतं आणि त्याच्या तळमजल्यावर एक मेनफ्रेम संगणक होता. चार कपाटांएवढं ते धूड दिवसभर घरघरत असे. वरच्या मजल्यावर कर्करोगाच्या रोग्यांना किरण देत. कुणाला किती मिनिटं द्यायचे हे मेनफ्रेम ठरवी आणि रोज सकाळी प्रत्येकाचं कार्ड छापून देई. कार्डावर जेवढी मिनिटं, तेवढीच. त्यात कुणी शंका काढत नसे.

हा प्रोग्रॅम विश्राम पळसुले नावाच्या माणसाने लिहिला होता. माणूस हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. कार्डं वर नेऊन देणं हे काही त्याचं काम नव्हतं. पण लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून तो ती स्वतः नेई.

त्याच्या मोठ्या प्रोग्रॅमला एक छोटा उपप्रोग्रॅम लिंक केलेला होता. यंत्रातलं किरणांचं द्रव्य आज किती जोरकस आहे, एवढंच तो सांगे. लिंक करायची रीत अशी, की उपप्रोग्रॅमची एक नक्कल मुख्य प्रोग्रॅमच्या पोटात कायमची बसवायची. पुढे मूळ उपप्रोग्रॅम कितीही बदला, पोटातली नक्कल जुनीच राहते. नवी हवी असेल तर मुख्य प्रोग्रॅम पुन्हा लिंक करावा लागतो. पळसुलेला हे पाठ होतं. नव्याने आलेल्यांना तोच हे शिकवत असे.

रोग्यांमध्ये भामाबाई घोलप नावाची एक शिक्षिका होती. तिच्या घशात गाठ होती. तीस दिवस किरण घ्यायचे, गाठ विरघळेल आणि आवाज शाबूत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाज राहिला तर शाळा राहणार होती. म्हणून ती एकही दिवस चुकवत नव्हती.

तिचे दहा दिवस झाले आणि यंत्रातलं जुनं, मंदावलेलं द्रव्य काढून नवं घातलं. नवं दुप्पट जोराचं होतं. म्हणजे मिनिटं निम्मी व्हायला हवीत. पळसुलेने उपप्रोग्रॅम बदलला. एका छोट्या चाचणीच्या प्रोग्रॅमला जोडून पाहिला. उत्तर चोख आलं.

मेनफ्रेम चालवणाऱ्या हलीमा तांबोळी म्हणाल्या, "साहेब, मोठा प्रोग्रॅम परत लिंक करायचा राहिलाय."

"त्याला मशीन दोन तास अडकून पडेल, हलीमाबाई. तासाभरात नव्या किरणांच्या उद्घाटनाला पाहुणे येतायत. उद्या करतो."

आणि त्याने नोंदवहीत 'काम पूर्ण' असं लिहून सही ठोकली. पाहुणे आले, हारतुरे झाले, पळसुलेचा फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला आणि त्या कौतुकात लिंक करायचं साफ राहून गेलं. हलीमाबाईंनी सही पाहिली आणि काम झालं असं त्या समजल्या. दुसरं काय समजणार?

दहा दिवस गेले. एका सकाळी भामाबाई त्याला दारात भेटली. तिचा आवाज बसला होता. गळा भाजल्यासारखा लाल झाला होता.

"पळसुलेसाहेब, एक विचारू का? यंत्रात नवं द्रव्य घातल्यावर निम्माच वेळ लागणार असं म्हणत होते. मी आत पडल्या पडल्या पाढे म्हणते. आधी तेरापर्यंत व्हायचे, अजूनही तेरापर्यंतच होतात."

"भराभर म्हणत असाल," पळसुले हसून म्हणाला.

"पाढे भराभर म्हटलेले मी मुलांनासुद्धा चालू देत नाही हो."

पळसुले खाली आला. मुख्य प्रोग्रॅम शेवटचा कधी लिंक झाला ते त्याने पाहिलं. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. पोटातली नक्कल अजून जुन्या, मंद द्रव्याचेच आकडे देत होती आणि वर दुप्पट जोराचे किरण पडत होते. भामाबाईचे आधीचे दहा दिवस आणि हे दहा दिवस दुपटीने, म्हणजे वीस. एकूण तीस. तिचे उपचार कालच पुरे झाले होते. आता तिला फक्त घरी पाठवायचं होतं.

त्यासाठी जिना चढून डॉक्टरांना एक वाक्य सांगावं लागणार होतं.

पळसुले जिना चढला नाही. त्याने मशीन अडवलं, प्रोग्रॅम पुन्हा लिंक केला, नवी कार्डं छापली आणि नोंदवहीत 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. आता सगळं बरोबर आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. आजपासून एकही कार्ड चुकणार नाही, मग उगाच बोभाटा कशाला? बाई हिंडतीफिरती आहे, होईल बरी. भित्र्या माणसाला अशी समजूत घालायला दुसरं कुणी लागत नाही.

कार्डं खरंच बरोबर येऊ लागली. त्या बरोबर कार्डांप्रमाणे भामाबाईला आणखी दहा दिवस किरण दिले गेले. पाचव्या दिवशी तिला पाणी गिळवेना. आठव्या दिवशी आवाज पुरता गेला. शेवटच्या दिवशी तिने पळसुलेच्या हातात एक चिठ्ठी दिली. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तुमच्या कार्डाप्रमाणे तीसही दिवस पुरे केले. आता आवाज केव्हा येईल?'

तेव्हा तो जिना चढला. डॉक्टरांना सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी भामाबाईचं कार्ड समोर ओढलं. मग विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"दहा दिवसांपूर्वी."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"मी त्याच दिवशी प्रोग्रॅम दुरुस्त केला होता, डॉक्टर."

"प्रोग्रॅम केलात हो. बाईंना कुणी सांगायचं होतं?"

दुप्पट किरण पडलेल्या त्या दहा दिवसांतले आणखी अकरा रोगी होते. डॉक्टरांनी एकेकाचं कार्ड काढायला घेतलं. काहींना वाचवता आलं. भामाबाई दोन महिन्यांनी गेली. तिच्या मुलीने शाळेत कळवलं, तेव्हा वर्गातली मुलं बाई परत येणार म्हणून फळा पुसत होती.

तात्पर्य: चूक मुळात सुधारली म्हणजे ती मिटली असं नाही, ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांना त्याच दिवशी जाऊन सांगावं लागतं. गुपचूप केलेल्या दुरुस्तीने फक्त चूक करणाऱ्याची सुटका होते, चूक भोगणाऱ्याची नाही.