चंद्राक्काची मूठ

येरळेच्या काठी पानसरवाडी. तिथल्या खंडोबाच्या देवळात धोंडनाथ महाराज उतरले, तेव्हा वैशाख तापला होता. भक्तहो, संतांच्या पायांनी गावे पावन होतात हे खरे. पण काही गावे अशी बेरकी, की पावन व्हायलाही आढेवेढे घेतात.

त्या गावची रीत अशी. पाटाचे पाणी पाळीपाळीने घ्यायचे, आणि पाळी लागण्याआधी ज्याने त्याने खंडोबासमोर बेलभंडार उचलायचा. बेलपान आणि हळद मुठीत धरून म्हणायचे, दुसऱ्याच्या पाळीला हात लावणार नाही. शपथ मोडेल त्याला देव बघून घेईल, म्हणून पाटावर राखण ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

चंद्राक्काने मात्र बेलभंडार उचलला नव्हता. तिची लेक तापाने फणफणत होती, तेव्हा ती याच देवळाला दंडवत घालत होती. घरी गेली तर लेक गार पडलेली. त्यानंतर तिने हात जोडले नाहीत. "माझा शब्द मी देते, देव मधी कशाला?" एवढेच ती म्हणे. झाले, तिची पाळी बंद! लेकीने लावलेला पानमळा करपत चालला, आणि भरला पाट त्याच्या बांधाला घासून पुढे जात राहिला. कुदळीचा एक घाव घातला असता तर वेल जगले असते. तिने तो घातला नाही. पाळी नाही तर पाणी नाही, इतके तिला सरळ कळत होते.

महाराजांसमोर ती गेली ती वेलांसाठीच. "महाराज, मला पाळी द्याय सांगा. आनखी दोन दिस गेलं तर मुळंबी ऱ्हानार न्हाईत."

रंभाजी पाटील मोठ्याने हसला. देवळातली सर्वांत थोरली घंटा त्याने वाहिलेली, आणि भर वैशाखात ऊसही सर्वांत हिरवा त्याचाच. "देव न्हाई म्हंतीस, मग तुला धाक कुनाचा गं? बिनधाकाचा शबूद म्हंजे बोलाचीच कढी! देव सोडला तर मानसं एकमेकाला खातील, महाराज."

बायकांनी तोंडाला पदर लावले. चंद्राक्काच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रागाचे.

महाराज म्हणाले, "पाटील, गाव आत्ता काय खातंय तेही बघू." त्यांनी भंडाऱ्याचे ताट पुढे ओढले. "मुठीत घ्या आणि म्हणा, मी पाळीबाहेरचं पाणी घेतलं नाही. मग मूठ उघडा. खऱ्याच्याच हाताला हळद धरेल."

पाटलाने खणखणीत येळकोट केला, शपथ घेतली, मूठ उघडली. हळद भुरभुरत खाली पडली. तळहात कोरा, धुतल्यासारखा! लोक पुढे आले, एकामागून एक. पूजा करणारा गुरवही आला. देवा मल्हारी, एवढ्या भाविक गावात एकाच्याही हाताला हळद लागेना!

"चंद्राक्का, तू ये. देवाचं नाव घेऊ नकोस."

"न्हाई घेतलं पानी," ती म्हणाली आणि मूठ उघडली. तळहात रेषांसकट पिवळाधमक होता.

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळला. "चुकलो, महाराज! उद्या पैली पाळी आक्काची." मग तो तिच्या पायांकडे वळला.

तिने पाय मागे घेतले. "उठा, पाटील. तुमी माज्यावर कुठं इस्वास ठेवला? तुमी हळदीवर ठेवला. मी कालबी खरंच बोलत हुते." मग ती महाराजांना म्हणाली, "तुमच्या देवाला हळद रंगवाय सवड हाय. माजी लेक गेली तवा कुठं हुता त्यो?"

महाराज उठले आणि कपाळ धुळीला लागेपर्यंत तिच्यापुढे वाकले.

ती थांबली नाही. पाटावर जाऊन तिने हात खसाखसा धुतला. मागून पाटील धावत आला. "आक्का, उद्याचं कशाला? आत्ताच फोड बांध, मी हाय की!"

"आज पाळी गुरवाची हाय," ती म्हणाली, आणि करपल्या वेलांखाली उद्याची वाट बघत बसली.

पाटील बांधावर उभा राहिला. आजूबाजूला कुणी नव्हते, वाजवायला घंटा नव्हती. तिची पाठ त्याच्याकडे होती. तो खाली बसला आणि त्याने त्या बांधावर डोके टेकले.