बटनावरचा हात

"मग, काढणार ना त्याला मठातून?"

प्रश्न चिदंबरचा. समोर महाराज सुपारी कातरत बसलेले.

मठातल्या जुन्या चित्रपोथीचे फोटो कॉम्प्युटरवर नीटनेटके करून छापायला द्यायचं काम चिदंबरकडे होतं. स्वतःच्या नजरेचा त्याला भारी तोरा. आणि छापून आलं तेव्हा एका पानावरची देवी काळवंडलेली, दुसऱ्या पानावरची पांढरीफटक.

"मल्हारीच मॉनिटरचा ब्राइटनेस बदलतो," चिदंबर म्हणाला. "सकाळी मी बरोबर लावून ठेवतो. दुपारी बघावं तर कमी. संध्याकाळी जास्त. तशा पडद्यावर बघून फोटो सुधारले की छपाई बिघडणारच."

"पाहिलंस त्याला?"

"पाहायला कशाला हवं? खोली झाडायला तोच येतो. वर माझ्याकडे बघून हसतो."

महाराजांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मल्हारीला ना घर ना दार. मठ सुटला तर तो जाणार कुठे, हे चिदंबरलाही ठाऊक होतं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी मल्हारीला गावात धाडलं आणि स्वतः सकाळपासून मॉनिटरशेजारी बसले, त्याच्या बटनांवर तळहात ठेवून. चिदंबर कामाला लागला.

दुपारी उन्हं खिडकीतून थेट टेबलावर आली. देवीचा चेहरा मंद दिसू लागला.

चिदंबर चुळबुळला. "महाराज... तुम्ही बटन दाबलंत."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

महाराजांनी तळहात उचलला नाही. दुसऱ्या हाताने खिडकीचा जाड पडदा ओढला, सकाळइतकाच उजेड राहावा म्हणून मॉनिटरमागचा लहान दिवा लावला. देवी पुन्हा सकाळसारखी दिसू लागली.

"रोज दुपारी काय करायचास?"

"ब्राइटनेस वाढवायचो. त्याने कमी केला म्हणून."

"आणि अंधारून आल्यावर?"

"डोळ्यांत खुपायचा. वाटायचं, त्याने वाढवून ठेवला. मग मी कमी..." चिदंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी गडी गप्प बसेना. थोड्या वेळाने मान वर करून त्याने विचारलं, "तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं. मग कालच का नाही सांगितलंत?"

महाराजांनी बटनांवरचा हात काढला.

"काल सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, मल्हारीने महाराजांचेही कान भरले."