नावाचं धुवण

"बेअदबीला शिक्षा काय, उस्ताद?"

उस्ताद अजून उंबऱ्यातच होते. गुडघ्यात इंजेक्शन घेऊन नुकतेच दवाखान्यातून आलेले. एक चप्पल काढलेली, एक पायातच. आणि इनायतनं त्यांच्या तोंडावर हा प्रश्न फेकला.



मी कोपऱ्यात शाई घोटत होतो. माझं काम तेच. अक्षर माझं असं, की कोंबडी कागदावरून चालत गेली म्हणावं. म्हणून उस्तादांनी पहिल्याच वर्षी माझ्या हातातला कलम काढून घेतला आणि खल दिला. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी. घोट बाबालाल. बाबालाल घोटतोय.

इनायतचं तसं नव्हतं. आम्ही दोघं एकाच साली मशिदीमागच्या या खोलीत उस्तादांकडं अरबी सुलेखन शिकायला आलो, पण नऊ वर्षांत त्याचा हात असा तयार झाला की लोक कोल्हापूरहून त्याची पानं बघायला यायचे. हे त्यालाही ठाऊक होतं, तेच वाईट झालं.

त्या दिवशी त्याला इजाजत मिळायची होती.

आमच्यात रिवाज आहे. शागिर्दानं कितीही देखणं लिहिलं तरी खाली आपलं नाव घालायचं नाही. उस्ताद एक दिवस आपल्या वापरातला बोरूचा कलम त्याच्या हातात देतात, ती इजाजत. मग खुशाल नाव घाल. तो कलम सकाळपासून उस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात होता, मी स्वतः पाहिला होता.

इजाजतीसाठी इनायतनं एक पान लिहिलं होतं. चांगलं दाराएवढं. मधोमध हुजूर पैगंबरांचं नाव, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, आणि भोवती बारीक अक्षरात दरूद, म्हणजे हुजूरांवर सलाम पाठवायची दुआ. दोन महिने खपला होता त्याच्यावर. चार दिवसांनी ईद-ए-मिलाद, त्या दिवशी ते मशिदीत लागायचं होतं.

आता त्या नावावरून चार बोटं फिरली होती. काळं फरफटत खालपर्यंत आलं होतं.

"कुणी केलं?" उस्तादांनी विचारलं.

इनायतनं बोट दाखवलं.

भिंतीशी जैतूनबी बसली होती. बसली कसली, पडली होती तिथंच राहिली होती. सत्तरीची बाई. गुडघा फुटलेला. पदर तोंडावर घट्ट दाबलेला.

जैतूनबी म्हणजे मशिदीचं आवार झाडणारी. वजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायच्या, हौदात पाणी भरणारी. हौदामागं पत्र्याची एक खोपटी आहे, तीत ती राहते. मागंपुढं कुणी नाही. आणि आमच्या लिहिण्याच्या पाट्या धुण्याचं कामही तिचंच.

ते साधं काम नाही. ज्या पाटीवर हुजूरांचं नाव लिहिलंय तिचं धुवण मोरीत ओतायचं नसतं. पितळी परातीत धरायचं, परसात डाळिंबाचं झाड आहे, त्याच्या आळ्यात नेऊन घालायचं. त्या आळ्याभोवती उस्तादांनी विटा रचल्यात, कुणाचा पाय पडू नये म्हणून. वीस वर्षं ती परात जैतूनबी उचलतेय. मी आल्यापासून एक थेंब इकडंतिकडं सांडलेला मला आठवत नाही.

पण पहिलं अक्षर अलिफ, ते कशाशी खातात हेही तिला ठाऊक नाही.

"ढकललं कुणी हिला?" उस्तादांनी विचारलं.

"मी." इनायतची मान ताठ होती. "हुजूरांच्या नावासाठी मी सख्ख्या आईलाही ढकललं असतं."

दारात शेजारची चारपाच माणसं जमली होती. त्यातला एक मोठ्यानं "सुभानल्लाह" म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या आईला म्हणे! हाच इनायत मिलादच्या जलशात तायफचा प्रसंग सांगायचा. हुजूर दगडांनी रक्तबंबाळ झाले, तरी दगड मारणाऱ्यांचं वाईट चिंतलं नाही... इथं आला की याचा आवाज असा दाटून यायचा, की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. जैतूनबी सगळ्यांत पुढं बसून रडायची.

पण मी बोललो नाही. का, ते सांगतो.

दोन महिने म्हातारी इनायतच्या मागं लागली होती. "बाळा, ह्यातलं हुजूरांचं नाव कुठलं रे?" आणि तो म्हणायचा, "तुला काय करायचंय? झाडू मार." त्या दुपारी तो चौकटीचं माप घ्यायला मशिदीत गेला होता. तिनं मला विचारलं. मी दाखवलं. "हे बघ खाला," मावशीला आम्ही खाला म्हणतो, "हे मधलं."

ती बघतच राहिली. मग काही न बोलता बाहेर गेली. मला वाटलं, गेली कामाला.

ती परत आली तेव्हा मी पाठमोरा होतो. इनायतची किंकाळी ऐकून वळलो, तर म्हातारी हवेत. मग भिंत. मग तो आवाज. हाडाचा आवाज असतो ना, तसा.

मीच दाखवलं होतं. आणि मी खल धरून गप्प बसलो होतो. आजही सांगताना लाज वाटते.

"उस्ताद," दारातला एक जण म्हणाला, "उद्यापासून हिला आवारात पाय ठेवू देऊ नका."

"तेवढ्यावर भागतंय होय?" दुसरा म्हणाला. "गावाला कळलं पाहिजे हिनं काय केलं ते."

गावाला कळलं पाहिजे म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. एकदा बेअदबीचा शिक्का बसला की तिला घोटभर पाणी कुणी दिलं नसतं. ती खोपटी त्याच संध्याकाळी उचकटली असती. आणि हे सगळं उस्तादांच्या एका शब्दावर होतं. आमच्याकडं उस्तादांनी बेअदबी म्हटलं की ती बेअदबी, नाही म्हटलं की नाही.

उस्ताद पानाजवळ गेले नाहीत. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं.

"जैतून... हात ओले कशानं झाले?"

तिनं पदर आणखी घट्ट दाबला.

"जैतून."

"वजू केला होता, उस्ताद."

"या वेळेला कसली नमाज?"

"नमाजेचा नाही..." ती थांबली. "नावाचा. तसाच हात कसा लावू?"



"पुसायला हवे होते हात," ती पदराआडूनच म्हणाली. "सुचलंच नाही. जीव नुसता धडधडत होता."

आमची शाई वाळली तरी ओल लागली की सुटते. मीच घोटलेली, मला सांगू नका.

"ऐकलंत?" इनायत म्हणाला. "कबूल करतेय. दोन महिने, उस्ताद! माझे दोन महिने!"

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं.

"बोला ना," इनायत म्हणाला. "बेअदबी झाली का नाही?"

उस्ताद जैतूनबीकडं बघत होते.

"उस्ताद?"

"झाली," उस्ताद म्हणाले.

माझ्या हातातला बत्ता खाली पडला. दारातली माणसं एक पाऊल पुढं आली. अहो, उस्तादांच्या तोंडून हे! मुंगी पानावर आली तर फुंकर मारून बाजूला करणारा माणूस! मला क्षणभर वाटलं, इंजेक्शनचा यांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय.

जैतूनबीच्या हातातून पदर सुटला. तिचा चेहरा तेव्हा आम्ही पहिल्यांदा नीट पाहिला.

ओठ काळे. दोन्ही पापण्या काळ्या.

नावाला बोटं लावून तिनं ती ओठांना लावली होती, मग डोळ्यांना. आपण सगळेच करतो तसं. आणि आता ती रडत होती, तर डोळ्यांतलं पाणी ते काळं घेऊन गालांवरून उतरत होतं. हनुवटीवर येऊन थांबत होतं. थेंब मोठा होत होता.

टप.

खाली शहाबादी फरशी. आम्ही सगळे चालतो ती.

"अरे! अरे, सांडतंय!"

उस्तादांचा आवाज. चाळीस वर्षं ज्यांनी या खोलीत आवाज चढवला नाही ते उस्ताद ओरडले. चप्पल उंबऱ्यात राहिली. ऐंशीचा म्हातारा, खुर्चीवर बसून नमाज पढणारा, दोन्ही गुडघ्यांवर धाडकन फरशीवर आला. मी ते डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

त्यांनी जैतूनबीच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

दुसरा थेंब ओंजळीत पडला.

"उस्ताद, काय करताय!" इनायत धावला. "उठा! तिच्यापुढं तुम्ही..."

"धुवण कुठं जातं, इनायत?"

"काय?"

"नावाचं धुवण. नऊ वर्षं काय शिकवलं मी? कुठं जातं?"

"डाळिंबाच्या आळ्यात." पाठ होतं त्याला. सगळंच पाठ होतं.

"आणि जमिनीवर पडलं तर?"

"पडू द्यायचं नाही. पडलं आणि त्याच्यावर कुणाचा पाय पडला, तर ती मोठी बेअ..."

तो थांबला.

त्यानं खाली पाहिलं. मीही पाहिलं.

पहिला थेंब जिथं पडला होता तिथंच तो उभा होता. अनवाणी. अंगठ्याखालून काळा ओघळ बाहेर आला होता.

इंगळावर पडल्यासारखा त्यानं पाय उचलला. मग तो पाय टेकवायचा कुठं, हेच त्याला कळेना. एका पायावर उभा राहून तो फरशीकडं बघत होता, आणि फरशीवर आणखी थेंब होते. ढकललेल्या जागेपासून भिंतीपर्यंत, तिच्या ओल्या बोटांतून उडालेले. आम्ही सगळ्यांनी तुडवलेले. दारातल्या माणसांनी तर चपलांनी.

"या अल्लाह," दारातला एक जण पुटपुटला. मागं सरकायला लागला, तर मागच्याच्या पायावर पाय पडला. कुणी कुणाकडं बघेना. मघाशी गावाला कळवायला निघाले होते ते सगळे चपला हातात घेऊन टाचांवर निघून गेले.

माझ्याच्यानं आता राहवेना.

"मी दाखवलं होतं, उस्ताद," मी म्हणालो. "नाव कुठलं ते. तिनं विचारलं आणि मी..."

"मग तू फडकं आण," उस्ताद म्हणाले. "स्वच्छ. फरशी पूस आणि परातीत पिळ."

मी आणलं. गुडघ्यांवर बसून एकेक डाग टिपायला लागलो. रडू येत होतं, ते बाहीला पुसत होतो. त्यात आपलं आणखी मिसळायला नको.

इनायत अजून तसाच उभा होता.

"ये," उस्ताद म्हणाले. "धर."

"उस्ताद..."

"माझे हात कापतात. सांडेल. धर."

तो आला. बसला. आयुष्यात पहिल्यांदा जैतूनबीसमोर बसला. ओंजळ केली आणि तिच्या हनुवटीखाली नेली. ज्या हातांनी ढकललं तेच हात बघून म्हातारी भिंतीत शिरायला बघत होती.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "ऊठ. लोक काय म्हणतील."

आणि आणखीच रडायला लागली. बाळा म्हटलं की इनायतचे खांदे हलायचे, मग तो ओंजळ सावरायचा.

उस्तादांनी आपले भिजलेले तळवे बघितले. मग ते डोळ्यांना लावले. त्यांच्या पांढऱ्या भुवया काळ्या झाल्या. दरूद पुटपुटत ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.

मग त्यांनी खिशातून कलम काढला.

इनायतनं तो पाहिला. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो कलम समोर, आणि घ्यायला हात मोकळे नाहीत. त्यानं ओंजळ काढली नाही.

उस्तादांनी कलम जैतूनबीच्या पदरात ठेवला. भिंतीला धरून उठायला लागले. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी परातीकडं बोट दाखवलं. तुझं काम कर.

ते उठले. पान भिंतीला टेकून उभं होतं, त्याच्याकडं त्यांनी एकदा पाहिलं, त्या चार बोटांकडं. मग खुर्ची ओढून बसले, गुडघा चोळत.

बाहेर असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, अजान झाली. संपली.

इनायतच्या ओंजळीत काळं पाणी साठलं होतं. फार नाही, चमचाभर. पण हात ताणून ताणून त्याची मनगटं लटपटायला लागली होती. म्हातारीचं रडणं थांबत नव्हतं. त्यानं तिच्याकडं वर पाहिलं नव्हतं, अजून एकदाही नाही.

"उस्ताद," तो म्हणाला. "किती वेळ धरू?"

"मला काय विचारतोस?" उस्ताद म्हणाले. "तिला विचार."