चंद्रिकेला गगनगाडीतून उतरवलं त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा दारवाला होता. नाव तुळशीराम. दार कसलं, तर अवकाशयानाचं! गावच्या केबलवर दर रविवारी 'गगनगाडी' नावाची मालिका लागायची. गुळाच्या गोदामात पत्र्याचं चंदेरी यान उभं होतं. त्यातून एक शास्त्रज्ञ आणि त्याची सोबतीण चंद्रिका ग्रहोग्रही हिंडत. तुळशीराम मागून दोरी ओढी, की दार उघडे. सगळं थेट दिसायचं. चुकलं की चुकलं.

चंद्रिका व्हायची ती मालन. तिचं लग्न ठरलं. सासरची अट एकच : आधी मालिकेतून बाहेर पड, मग बोहल्यावर चढ. पण तिला उगाच गायब करून भागणार नव्हतं. मागे एक सोबती शनीवर पाणी आणायला गेला तो गेलाच. भाजीवाली अजून दिग्दर्शक भाऊसाहेबांना अडवून विचारी, "ते पोर सापडलं का हो?"

"हिला रीतसर निरोप द्यायचा," भाऊसाहेब म्हणाले. "आणि तुळशीराम, गेल्या खेपेला दार सताड उघडं ठेवलंस. शाळेतले मास्तर विचारतात, यानातली हवा कशी उडाली नाही? बाहेर हवा नसेल तर दार उघडायचं नाही!"

"बरं," तुळशीराम म्हणाला.

रविवारी यान चंद्रावर उतरलं. चंद्रिका तिथल्या राजपुत्राशी संसार थाटणार होती. डोळे पुसत ती दाराशी गेली. दार उघडेना. तिने ढकललं, लाथ मारली. राजपुत्र बाहेरून ठोकत बसला.

"बाहेर हवा नाही," मागून आवाज आला.

चंद्रिका यानातच राहिली.

"अरे गाढवा," भाऊसाहेब कडाडले, "जायचंय म्हणेल त्याला जाऊ द्यावं!"

"बरं."

पुढच्या रविवारी यानात एक राक्षस कैद होता. तो चंद्रिकेला मारणार होता. साखळ्या खळखळवत तो गरजला, "सोडा! मला जायचंय!"

दार उघडलं. राक्षस घोटाळला. थोडा वेळ उभा राहिला, मग काय करणार, गेला. मारायला कुणी उरलं नाही. चंद्रिका जिवंतच.

मालन रडकुंडीला आली. "तुळशीदादा, पुढच्या सोमवारी माझं लग्न आहे हो!"

आता एकच रविवार उरला. भाऊसाहेबांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि तुळशीरामला नुसता मागचा पडदा धरायला उभं केलं. चंद्रिका मेली. अशी मेली, की सगळा गाव हमसून रडला. आणि तेवढ्यात तुळशीरामने नाक पुसायला पडदा सोडला. मागे मेलेली चंद्रिका बशीत चहा ओतत होती.

भाऊसाहेबांनी झडप घालून, कुणाच्या ध्यानात यायच्या आत पडदा ओढला. "मेलेली बाई पुन्हा दिसता कामा नये! कुणी कितीही ओरडो, पडदा सोडायचा नाही!"

"बरं."

सोमवारी लग्न लागलं. अंतरपाटाचं एक टोक मालनच्या मामाकडे. दुसरं तुळशीरामकडे, कारण त्याला पडदे धरायची सवय. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, ताशा कडाडला. मामांनी टोक सोडलं. तुळशीरामने तेही पकडलं.

"सोड की रे!" भटजी खेकसले.

"नाही. मेलेली बाई पुन्हा दिसता कामा नये."

"मेलेली?" वरमाय दचकली.

"अगंबाई, खरंच की!" नवरदेवाची आजी म्हणाली. "काल मी स्वतः रडले. पदर पिळून काढला."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मुहूर्त टळत चालला. भाऊसाहेब धावत आले आणि तुळशीरामच्या कानात ओरडले, "अरे शहाण्या, काल मेली ती खोटी! ही खरी आहे!"

तुळशीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे बायका दोन! एवढी साधी गोष्ट लोकांना कुणी सांगितलीच नव्हती. त्याने अंतरपाट खाली टाकला, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला,

"काळजी करू नका हो! मेली ती वेगळी. ही दुसरीच आणलीय!"

ताशा थांबला. नवरदेवाने उचललेला हार खाली घेतला आणि वरमायेकडे वळून हळूच विचारलं, "आई, आपण पसंत केली होती ती कुठली?"