घरापुरता आवाज

त्या राज्यात वाद्यं राहत होती आणि राज्य तंबोऱ्याचं होतं. तंबोऱ्याला एकच गोष्ट बोलता यायची आणि ती तो दिवसभर बोलायचा. बाकीच्यांनी आपापला सूर त्या एका गोष्टीशी जुळवून घ्यायचा, यालाच तिथे शांतता म्हणत. ज्यांना ही शांतता सोसत नसे, तेही मूग गिळून गप्प बसत, कारण राजाची भोपळ्याची ढेरी आणि तिच्याहून मोठी मर्जी सांभाळण्यातच अर्ध्या प्रजेचं पोट भरत होतं.

मात्र राजाच्याही वर एक प्रथा होती. राजाचा एखादा हुकूम कुणाला अन्यायाचा वाटला, तर झांजांच्या जोडीने महालाच्या पायरीवर जाऊन एक ठोका द्यायचा. एका हुकमाला एकच ठोका. त्याचा नाद हवेत असेपर्यंत हुकूम थांबायचा, कुणाच्या केसालाही धक्का लावायचा नाही आणि तेवढ्या वेळात राजाने पायरीवर येऊन चारचौघांत सांगायचं, की हा हुकूम आपण का काढला. सांगता आलं नाही तर हुकूम रद्द. राजा पोचण्याआधीच नाद विरला, तर सुनावणी संपली असं धरायचं आणि हुकूम कायम. ही शेवटची अट ज्या कुणा शहाण्याने घातली, त्याला झांजेचा नाद इतक्यात विरेल असं स्वप्नातही वाटलं नसेल.

झांजांच्या गल्लीत कासाबाई आणि हौसाबाई ही जोडी सगळ्यांत नावाजलेली. दोघी एकाच साच्यातल्या बहिणी, पण हौसा सावध आणि कासा तापट. त्यांचा ठोका पडला की नाद महालाच्या कमानीखालून आत शिरायचा, राजाला उठवायचा, त्याचा हात धरून पायरीपर्यंत आणायचा आणि वर त्याला घाम फुटेपर्यंत तिथेच उभा ठेवायचा. एकदा राजाने सगळ्या सनयांच्या जिभा जमा करायचा हुकूम काढला होता. कासा-हौसाने ठोका दिला. राजा आला, त्याने आपली एकच गोष्ट बोलून पाहिली, ती संपली तरी नाद चालूच. लोक बघतायत, नाद हलत नाही. शेवटी त्याने हुकूम मागे घेतला आणि तोंड लपवून आत गेला. तेव्हापासून या बहिणी त्याच्या डोळ्यांत सलत होत्या.

झांजांवर बंदी घातली असती तर गल्ली पेटली असती, हे राजाला नाही तरी त्याच्या दिवाणाला कळत होतं. दिवाण होती पेटीबाई. समोरून गोड सूर आणि मागून भाता, असा तिचा कारभार. एके सकाळी ती स्वतः चालत झांजांच्या गल्लीत आली आणि कासाबाईच्या ओट्यावर टेकली.

"कासाबाई, तुमच्यासारखी कलावंत सरावासाठी उन्हातान्हात माळावर जाते, हे महाराजांना बघवत नाही हो," ती म्हणाली. "घरी का नाही करत सराव?"

कासाला हे अगदी वर्मावर लागलं. घरी सराव केला की समोरच्या सारंगीकाकूंचं डोकं उठायचं. त्या दारात येऊन कपाळ दाबत उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, की या बयेने जीव नकोसा केलाय. त्यात कासाचं वय होत चाललं होतं. आपला नाद पूर्वीइतका लांबत नाही, अशी शंका तिला आतून खात होती. सराव वाढवायला हवा हे तिला कळत होतं, पण रोज माळ गाठायचा तर पाय साथ देत नव्हते. पेटीबाईला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय ती कुणाच्या ओट्यावर बसत नसे.

"आमचा गिरमिट आहे ना, त्याचा हात फार हलका," पेटीबाई पुढे म्हणाली. "अंगावर बारीक बारीक भोकं पाडून देतो. नक्षीच समजा. आवाज घरापुरता राहतो. दिवसभर वाजवा, रात्रभर वाजवा, काकूंची झोपसुद्धा मोडायची नाही. हात मात्र तयार होत जातो. आणि पायरीवरचा ठोका? तो तुमचाच. त्याला कोण हात लावणार?"

ती गेल्यावर हौसा उसळली. "अगं, भोकं पाडून घ्यायची? आपण झांजा आहोत की चाळणी?"

"चार भोकांनी काय होतंय? आणि सराव वाढला तर नाद दुप्पट लांबेल."

"ज्याला आपला आवाज नको, तो आपल्या सरावाची काळजी कशाला करेल?"

"तुला सगळ्यांतच काळंबेरं दिसतं," कासा म्हणाली. जोडीतली एक भोकाची आणि एक बिनभोकाची चालत नाही. कासाने हट्ट धरला, अबोला धरला, शेवटी रडून दाखवलं, आणि हौसाने मान खाली घातली.

गिरमिट आला. तो वाईट नव्हता, कामाचा पक्का होता, आणि असल्या माणसांमुळेच असली कामं इतकी सफाईने होतात. त्याने काठापासून मध्यापर्यंत गोलाकार ओळी धरत दोघींच्या अंगाला भोकं पाडली. कासाला दुखलं, पण नंतर इतकं हलकं वाटलं, की तिला ती तब्येत सुधारल्याची खूण वाटली. तिने खोलीतच हौसाला बोलावून ठोका दिला. झिम्म! लहानशा खोलीत, चार भिंतींच्या आत, कानाजवळ तो नाद छान भरून राहिल्यासारखा वाटला. समोर सारंगीकाकू पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी वाटीभर खीर पाठवली.

मग कासाने स्वतःला सरावात गाडून घेतलं. हात खरोखर सुधारला. ठोका नेमका बसू लागला. तिचं बघून गल्लीतल्या एकेक जोडीने गिरमिटाला बोलावलं. कासाबाईंनी करून घेतलं म्हणजे चांगलंच असणार, असं जो तो म्हणायचा, आणि कासा मान डोलवायची. गल्ली दिवसभर वाजत होती आणि बाहेर कुणाला ऐकू जात नव्हती. माळावर मात्र आता कुणीच जात नव्हतं. घरी सोय झाल्यावर माळावर कशाला जायचं? एकदा, फक्त एकदा उघड्यावर जाऊन वाजवून बघावं, एवढं त्या अख्ख्या गल्लीत एकीलाही सुचलं नाही. सांगताना आजही संताप येतो, तो याच गोष्टीचा.

थंडी पडली तशी तंबोऱ्याच्या तारा कुरकुरू लागल्या. राजवैद्यांनी सांगितलं, की महाराजांना मऊ कातड्याची गवसणी हवी, अंगभर, गळ्यापर्यंत. आणि हुकूम निघाला, की भिवाप्पा डफाचं कातडं काढून महालात जमा करावं.

भिवाप्पा कासाच्या शेजारी राहायचा. जत्रेत घुमायचा, बारशाला घुमायचा, मयताला सगळ्यांच्या पुढे चालायचा. त्याचं कातडं वापरून वापरून लोण्यासारखं मऊ झालं होतं, हाच त्याचा गुन्हा. पहाऱ्यावरचे नगारे त्याला न्यायला आले, तेव्हा तो शांतपणे तंबाखू मळत बसला होता.

"चला की," तो नगाऱ्यांना म्हणाला. "आमची कासाक्का हाय न्हवं शेजारी. म्हाराजांचीबी भेट हुईल."

सगळी गल्ली महालापुढे जमली. भिवाप्पाला पायरीखाली उभं केलं होतं आणि कातडं सोलणारा पातं परजत होता. कासा आणि हौसा पायरीवर चढल्या. कासाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. इतका सराव तिने जन्मात केला नव्हता. तिने हौसाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि ठोका दिला. तिच्या आयुष्यातला सगळ्यांत नेमका, सगळ्यांत देखणा ठोका होता तो.

छिक्.

एवढंच. वारा आला आणि तो आवाज घेऊन गेला. कमानीपर्यंतसुद्धा पोचला नाही. आत तंबोऱ्याची खुंटी किंचित हलली असेल, उठायचं की नाही हे त्याने ठरवायच्या आधीच सगळं शांत झालं होतं.

पेटीबाई पायरीवर आली. "ठोका पडला. नाद विरला. सुनावणी झाली," ती नम्रपणे म्हणाली. "प्रथा जशीच्या तशी पाळली गेली आहे. महाराज प्रथेचा फार मान ठेवतात."

भिवाप्पा अजून वर बघत होता. "कासाक्का, वाजीव की गं."

"वाजवलं, भिवाप्पा," कासा म्हणाली.

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने पायरीवरची नजर काढून पात्याकडे वळवली. त्याने शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

कासाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने हौसाला ओढलं आणि एकावर एक ठोके हाणायला सुरुवात केली. प्रथा गेली चुलीत! मागून गल्लीतल्या साऱ्या जोड्या पुढे आल्या आणि जिवाच्या आकांताने आपटू लागल्या. सगळ्यांचा मिळून सुपात डाळ पाखडल्यासारखा आवाज येत होता. नगारे हलले नाहीत. त्यांना कुणी अडवा म्हणून सांगितलंच नव्हतं. पेटीबाई तर कौतुकाने मान हलवत होती. "वाजवू द्या हो," ती म्हणाली. "आमच्या राज्यात वाजवायला कुणाला बंदी नाही." आणि त्या सगळ्या खळखळाटावरून भिवाप्पाची किंकाळी मात्र माळापर्यंत स्पष्ट ऐकू गेली.

घरी आल्यावर हौसा रडली. कासा रडली नाही. "मी रडले तर मला माफी मिळाल्यासारखं होईल," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस, आणि मी ऐकलं नाही. गल्लीला मीच नादी लावलं." हौसाने तिला समजावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सारंगीकाकूंनी पुन्हा खीर पाठवली. कासाने वाटी तशीच परत पाठवली.

गवसणी शिवून झाली तसा महालात मोठा समारंभ ठरला. साऱ्या प्रजेला जेवणाचं आमंत्रण आलं आणि कासा-हौसाला वेगळा निरोप, की महाराजांना तुमची खास गरज आहे, अमुक वेळी हजर व्हा. हौसा म्हणाली, जायचं नाही. कासा म्हणाली, जायचंच. भर दरबारात, राजाच्या अगदी कानाशी जाऊन, घरापुरता का होईना, पण एक ठोका ती देणार होती. त्याच्या कानात भिवाप्पाचं नाव घालणार होती. तेवढ्यासाठी तिने अंगावरचा डाग न् डाग घासून काढला.

त्यांना दरबारात नेलं नाही. महालाला वळसा घालून मागच्या दाराने आत घेतलं. तिथे चुली धडधडत होत्या आणि भल्या मोठ्या कढईत तूप कडकडत होतं. चिमटा आचारी घाईत होता. त्याने कासाला उजेडात धरून भोकं पाहिली, खूश झाला आणि तिला कढईवर आडवी धरली. वरून पातळ बेसन ओतलं आणि काठावर ठक-ठक ठोकलं. कासाने सगळा जीव एकवटून भिवाप्पाचं नाव घेतलं. तोंडातून पिवळे थेंब गळले, एकसारखे, टपोरे, एकेका भोकातून एकेक. खाली हौसाला तुपात बुडवून तो तळलेली बुंदी निथळून काढत होता.

"बघा, जोडी कशी कामाला आली," दारातून डोकावत पेटीबाई म्हणाली.

बाहेर अंगणात पंगत बसली होती. ओळीने पत्रावळी, ओळीने गल्लीतल्या झांजा, भोकांतून ऊन खाली सांडत होतं. गळ्यापर्यंत मऊ गवसणी घातलेला तंबोरा आपली गोष्ट बोलत होता. पहिल्या पाटावर, मानाच्या जागी, भिवाप्पाचं नुसतं लाकडी कडं भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि चिमट्याने गरम गरम पहिला लाडू त्याच्या पानात वाढला.